भोक पडलेलं कार्ड

माझ्या कार्डाला भोक आहे. फार मोठं नाही, ज्वारीच्या दाण्याएवढं. हेलसिंकीतल्या या हॉटेलच्या खिडकीशी कार्ड डोळ्यासमोर धरलं की त्यातून समोरच्या छपराचा एक तुकडा दिसतो, जरा हलवलं की आकाश. मंगळवारपासून माझा हाच उद्योग चाललाय. आज शुक्रवार. उद्या संध्याकाळी जपानला परतीचं विमान आहे आणि त्या विमानात मला कुणी पाऊलही टाकू देणार नाही, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, ज्यांनी मला कामासाठी इथे पाठवलं त्या आमच्या साहेबांना, मोरियामा-सानना, तर नाहीच नाही. पंचेचाळीस वर्षांची बाई, दोन देशांत मिळून कधी साधा सिग्नल मोडला नाही, आणि हे असं करून बसले. कुणी दुसरीने केलं असतं तर मी तिला फाडून खाल्लं असतं.

जपानात आम्हा परदेशी माणसांना हे राहण्याचं कार्ड चोवीस तास जवळ बाळगावं लागतं. चार दिवस देशाबाहेर जायचं असेल तर विमानतळावर एक चिठ्ठी भरून द्यायची, तिच्यात एक छोटा चौकोन असतो: मी परत येणार आहे. तिथे खूण करायची. नाही केली तर तुम्ही कायमचे निघालात असं धरतात, राहण्याचा हक्क तिथल्या तिथे संपतो, आणि कार्डाला भोक पाडून ते तुमच्या हातात परत देतात. आमच्या वस्तीत, ग्योतोकुला, नवीन बिऱ्हाड आलं की आम्ही जुन्या बायका पहिल्या चहालाच हे सांगतो. कचरा कसा वेगळा करायचा ते नंतर. मी स्वतः कितीजणींना दम दिलाय, 'बाकी काहीही विसर गं बाई, तो चौकोन तेवढा विसरू नकोस.' घरातल्या तिघांच्या चिठ्ठ्यासुद्धा मीच भरते, कारण नवरा निहार धांदरट आणि मुलगी कस्तुरीला सगळ्याचाच कंटाळा. तेव्हा मी विसरले असं म्हणायची सोय नाही. मंगळवारी विमानतळावरच्या खिडकीतल्या पंचविशीच्या अधिकाऱ्याने रिकामा चौकोन पाहिला, माझ्या वतीने खूण करायला पेन उचललंसुद्धा, आणि नुसतं रीत म्हणून विचारलं, 'परत येणार ना?' मी म्हटलं, 'नाही.' त्याला वाटलं बाईला भाषा कळली नाही. त्याने इंग्रजीत विचारलं, तेव्हाही नाहीच म्हटलं. मग पुन्हा जपानीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की तसं असेल तर तुमचा इथला वास्तव्याचा हक्क आत्ता संपेल, चालेल का? आणि अडतिसाव्या वर्षी रात्रंदिवस घोकून ज्या जपानीची परीक्षा मी पास झाले होते, त्या शुद्ध, आदबशीर जपानीत मी म्हणाले, 'हो, हरकत नाही.' तो आत जाऊन वरिष्ठांना विचारून आला. एका कागदावर सही घेतली. मग टक् असा आवाज झाला. पुढे सरकताना मी त्याला वाकून सुमिमासेनसुद्धा म्हणाले, म्हणजे माफ करा, तुम्हाला त्रास दिला. काय म्हणावं या सवयीला!

आता यातली मेख अशी की त्या कार्डावर मी एकटी उभी नाही. सतरा वर्षांपूर्वी मी निहारची बायको म्हणून आले, तेव्हा माझ्या कार्डावर 'कुटुंबीय' असा शिक्का होता आणि आठवड्याला अठ्ठावीस तासांपेक्षा जास्त काम करायची मला बंदी होती. वर्षभरात कस्तुरी झाली. सहा वर्षांपूर्वी निहारच्या कंपनीने त्याचं सगळं काम बंगळुरूला हलवलं, त्याला दुसरं काही मिळता मिळेना, आणि तोवर धडपडत शिकून मी एका वैद्यकीय उपकरणं करणाऱ्या कंपनीत चिकटले होते. मग एक दिवस आम्ही दोघं इमिग्रेशनच्या कचेरीत सात तास बसलो आणि अदलाबदल करून आलो. मी कमावती, तो कुटुंबीय. ते अठ्ठावीस तास आता त्याच्या वाट्याला. स्टेशनापलीकडच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या त्या दुकानात, तो सकाळी भाताचे गोळे मांडून ठेवतो आणि घरी येऊन माझ्यासाठी पोळ्या लाटतो. कायम राहण्यासाठी केलेला अर्ज दोनदा नामंजूर होऊन आला. तरी निहारची कुरकुर नाही. तीच तर पंचाईत आहे, कुरकुरला असता तर भांडता तरी आलं असतं. पाहुणे आले की मला पुढे करून म्हणतो, 'ही आहे म्हणून आम्ही आहोत.' लोकांना वाटतं, काय गुणाचा नवरा मिळालाय. मी मात्र दर वेळी पाणी आणायच्या निमित्ताने आत जाते, कारण ते कौतुक नाही, ते सरकारदरबारी लिहिलेलं आहे. मी अंथरुणाला खिळले, माझी नोकरी गेली, माझं डोकं फिरलं, की त्या दोघांना त्या देशात उभं राहायला जागा नाही. सहा वर्षांत साधा ताप आला तरी मी कुणाला कळू दिलेला नाही.

त्या दिवशी सकाळी काही खास घडलं होतं का, याची मी तीन दिवस स्वतःशीच उलटतपासणी करतेय. घडलं म्हणजे काय, कचऱ्याची पिशवी परत आली. आमच्या इमारतीत प्लास्टिकचा वार मंगळवार. कुणाच्या तरी दहीवाटीचं झाकण न धुता आत गेलं होतं, म्हणून पिशवीवर लाल कागद चिकटवून रखवालदाराने ती आमच्या दाराशी आणून ठेवलेली. मी प्रवासाच्या कपड्यांत, जिन्यात उकिडवी बसून ते झाकण शोधत होते आणि तोंडाने मराठीत त्याचा उद्धार करत होते. शेजारच्या सुगिता-सान बाजूने गेल्या. मी त्यांना सुमिमासेन म्हटलं. मग कस्तुरी शाळेसाठी बाहेर पडली. थांबली. मला वाटलं वाकेल, मदत करेल, निदान 'नीट जा' म्हणेल. ती खालच्या आवाजात जपानीत म्हणाली, 'आई, आवाज.' एवढंच. म्हणजे हळू बोल, लोक ऐकतात. सोळा वर्षांची झालीये, मराठी कळते सगळी, पण उत्तर येतं ते जपानीत, आणि तेही जेवढ्यास तेवढं. निहार दारात डबा घेऊन उभा, थेपले केलेले, मोजे जोडीजोडीने गुंडाळून बॅगेत ठेवलेले. 'फ्रिजचं काय करायचं ते तू आलीस की बघू,' म्हणाला. 'कस्तुरीच्या कॉलेजचंही तू आलीस की बघू. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पण तू आल्यावरच ठरवू.' जगातली एकूणएक गोष्ट माझ्या येण्याला गाठ मारून ठेवलेली. पण एवढ्यावरून कुणी घर उधळतं का? नाही उधळत. रोज हेच चालतं आणि रोज मी साडेसातच्या गाडीने कामावर जाते. फरक एवढाच की त्या खिडकीतल्या माणसाने मला विचारलं. परत येणार ना? सहा वर्षांत कुणी मला काही विचारल्याचं आठवत नाही, सगळे धरूनच चालतात. त्याने विचारलं, आणि माझ्या तोंडून खरं ते निघून गेलं.

इथे उतरले तेव्हा मी आनंदात होते, हे लपवून काय करू. कंपनीने मला इथल्या एका पुरवठादाराकडे दोन दिवसांच्या पाहणीला पाठवलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी एकटी परदेशात आले होते. मे महिना, आठ वाजले तरी ऊन, बंदराशी भगव्या कापडाचे तंबू ठोकून बाया स्ट्रॉबेऱ्या विकत होत्या. एका सीगलने डोळ्यांदेखत एका गृहस्थाच्या हातातला तळलेला मासा पळवला आणि मी एकटीच खदखदून हसले. माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मोठ्या पांढऱ्या चर्चच्या पायऱ्यांवर चप्पल काढून तासभर बसले आणि निहारचे थेपले खाल्ले. पण दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये चढले तर आत चिडीचूप. चाळीस माणसं, कुणी कुणाकडे बघत नाही. रस्ता ओलांडायला उभी राहिले तर दोन्ही बाजूंना दूरवर गाडी नाही आणि तरी सगळे लाल दिव्यासमोर खांब होऊन उभे, मीही त्यांच्यात. पुरवठादाराकडच्या पाइवीबाईंनी घरी कॉफीला नेलं, तर दारातच चपला काढायच्या. ओट्याखाली कचऱ्याचे पाच डबे. मी ते डबे पाहत राहिले. इतकं उडून येऊन मी तिथेच आले होते की काय? पाइवीबाई म्हणाल्या, 'इतक्या लांब आलात, अजून दोन दिवस राहा की.' मी म्हटलं, 'घरी वाट बघतायत.' मला पायाखालची सतरंजी दिसत होती आणि माझ्याच आवाजातलं हे वाक्य ऐकू येत होतं.

बुधवारी संध्याकाळी मी एक बंड केलं. हॉटेलच्या खोलीत एकच कचऱ्याचा डबा. त्यात मी केळ्याचं साल टाकलं, दह्याची न धुतलेली वाटी टाकली, कागद टाकला, काचेची बाटलीसुद्धा टाकली, सगळं एकात एक. मग पलंगावर बसून त्या डब्याकडे बघत राहिले. फार बरं वाटलं, साधारण वीस मिनिटं. सकाळी जाग आली तीच त्या बाटलीच्या आठवणीने. खोली आवरायला येणाऱ्या बाईला काय वाटेल या विचाराने मी उठले, नळाखाली वाटी धुतली, चार ढीग वेगळे करून ओळीने मांडून ठेवले. स्वतःची इतकी चीड आली की आरशात बघवेना. कुणी कोंडलेलं नव्हतं मला, दार उघडं होतं, आणि मी आत बसून कचरा धूत-निवडत होते. आणि आज सकाळी तर कहर केला. मोठ्या दुकानात गेले आणि ऑफिससाठी चॉकलेटं निवडत बसले. जपानी ऑफिसातून कुणी कुठेही गेलं की येताना सगळ्यांना खाऊ आणायचा, प्रत्येकाला एक, प्रत्येक तुकडा आपापल्या कागदात गुंडाळलेला, म्हणजे हात न लागता वाटता येतो. आमच्या मजल्यावर तेवीस माणसं. या डब्यात वीस, त्या डब्यात सोळा. मी दुकानातल्या मुलीला विचारत होते, 'तेवीसचा नाही का हो?' ती म्हणाली, 'दोन घ्या ना, उरले तर घरी होतील.' घरी! मी हातात दोन डबे घेऊन उभी, आणि तेव्हा कुठे मला खरोखर समजलं की ही चॉकलेटं वाटायला मी सोमवारी तिथे नसणार आहे. मंगळवारपासून माहीत होतं, समजलं आत्ता. इथला व्हिसा रविवारपर्यंतचा. उद्या विमानतळावर कार्ड पाहून मला बाजूला काढणार. इथे राहता येत नाही, तिथे जाता येत नाही, राहिलं फक्त पुणं, जिथे आईचं घर भावाने कधीच भाड्याने दिलंय. एका 'नाही'ने मी मोकळी झाले असं वाटलं होतं मला. कसली मोकळी! डबे घेतले, पैसे दिले, आणि बंदरापाशी येऊन बाकावर बसले.

तिथेच फोन आला. इथले दुपारचे एक, म्हणजे ग्योतोकुला संध्याकाळचे सात. निहारचा रोजचा फोन. मागे कुकरची शिट्टी आणि पंख्याचा आवाज.

'जेवलीस का?'

'निहार, मला सांगायचंय तुला काहीतरी. स्पीकर बंद कर.'

'अगं हात पिठात आहेत, असू दे चालू. बोल.'

मी बोलले. काही सजवलं नाही. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच म्हणाले, सही केली, भोक पाडलं. पलीकडे पंखा फिरत होता. मला वाटलं आता ओरडेल. ओरडावंच असं मला मनापासून वाटत होतं. सहा वर्षांचं एकदाच बाहेर पडू दे, मीही मग काय ते बोलेन. पण निहारने मोठा श्वास सोडला, बसला असावा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

'म्हणजे झालं,' तो म्हणाला.

'काय झालं?'

'म्हणजे... जाऊ या मग आपण. पुण्याला. मला तिथे काहीतरी मिळेल गं, सत्यजित त्याच्या कंपनीत केव्हाचा बोलावतोय.' त्याचा आवाज हलका झाला होता. इतका हलका आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. 'खरं सांगू? मी वाट बघत होतो तू कधी दमतेस याची.'

'वाट बघत होतास?'

'तू एवढी जीव तोडून करत होतीस. मी कोणत्या तोंडाने म्हणणार, की पुरे आता?'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे मी त्यांच्यासाठी ओढत होते आणि तो माझ्यासाठी ओढत होता, आणि सहा वर्षं आम्ही एकमेकांना 'जेवलीस का, जेवलास का' विचारत राहिलो! मला त्याला शिव्या घालायच्या होत्या, आणि रडायचंही होतं, आणि खरं म्हणजे त्याला तिथल्या तिथे मिठी मारायची होती. आठ हजार किलोमीटरवरून यातलं काय करणार? मी नुसतं म्हटलं, 'गाढव आहेस तू.' तो हसला. मीही हसले असते. त्या क्षणी मला खरंच वाटलं की सुटलो आम्ही.

मग फोन कुणीतरी उचलला. पंख्याचा आवाज मागे गेला, दार लागलं. कस्तुरी.

'ऐकलं मी सगळं,' ती जपानीत म्हणाली. तिचा श्वास ऐकू येत होता, धावत आल्यासारखा. आणि मग ती मराठीत बोलू लागली. लहानपणानंतर मी तिला सलग मराठीत बोलताना ऐकलं नव्हतं. शब्द शोधत, अडखळत, क्रियापदं इकडची तिकडे.

'तुम्ही दोघं पुण्याला परत जाणार. मी कुठे परत जायचं, आई? मी तिथून आली नाहीये.'

'कस्तुरी, बाळा...'

'थांब. मी बोलते.' तिने पुन्हा जपानी पकडली आणि तिचा आवाज बदलला. तो आवाज मी ओळखते. आठ वर्षांची असल्यापासून दवाखान्यात, वॉर्ड ऑफिसात, शाळेच्या सभेत ती आमच्यासाठी त्या आवाजात बोलत आलीये. मला भाषा आली तरी ही सवय गेली नाही, अडलं की आम्ही तिलाच पुढे करतो, आणि आमचं उद्धट वाटेल ते ती मऊ करून सांगते. 'सोमवारी मी शाळा बुडवते आणि इमिग्रेशनच्या ऑफिसात जाते. मोरियामा-साननाही मी फोन करते. कंपनीने पुन्हा अर्ज केला तर तुला नवीन व्हिसा मिळू शकतो, मी आत्ता शोधलं. वेळ लागेल. कार्डाचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा. आणि मला सांग, मी त्यांना काय सांगू? ते विचारणार, तीनदा विचारलं तरी नाही का म्हणाल्या.'

'काय सांगणार तू?'

'चुकून झालं, असं सांगेन. घाबरली होती, एकटी पहिल्यांदा जात होती, प्रश्न समजला नाही.' ती घाईघाईने सांगत होती, पाठ करत असल्यासारखी. 'परीक्षा पास झाल्याचं मी नाही सांगणार. आपल्या शेजारी सुगिता-सान आहेत ना, त्यांच्याकडून पत्र आणते की चांगल्या आहेत, कचरा नीट टाकतात.'

मला हसू फुटलं की हुंदका, ते माझं मलाच कळलं नाही. समोर एक बोट लागत होती, माणसं उतरत होती, एकमेकांना धक्का न लावता. माझ्या मांडीवर ते दोन डबे. मी म्हणणार होते की नाही गं, चुकून नव्हतं ते. मला समजलं होतं. उभ्या जन्मात मी एवढं एकच खरं बोलले, ते तरी राहू दे माझ्याकडे. तू मोठी झालीस की तुला कळेल. हे सगळं ओठांवर आलं होतं. सोळा वर्षांच्या पोरीला कळायला काय हरकत आहे, असंही वाटून गेलं.

'आई,' कस्तुरी म्हणाली. ऑफिसातला आवाज गेला होता. पुन्हा ती मोडकी मराठी, अगदी बारीक. 'त्यांना सोड. मला सांग. तू खरंच चुकून म्हणाली ना? की तुला यायचंच नव्हतं?'

'नाही गं राणी,' मी म्हणाले. 'चुकूनच.'

'नक्की?'

'नक्की. मला प्रश्नच समजला नव्हता.'

पलीकडे ती रडायला लागली, मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.